बावन्न टंच

बाळगोंडा अण्णांनी माझं गाणं ऐकून ‘बावन्न टंच’ असा शेरा दिला, तेव्हा मी त्यांना वाकून नमस्कार केला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्याबद्दल कुणाच्या फार अपेक्षा नकोत.

माझं चुकलं कुठं तेही सांगतो. कोल्हापुरात टंच हा शब्द नव्या मोटारसायकलीपासून कडक इस्त्रीच्या शर्टापर्यंत कशालाही लावतात, आणि चांगल्या अर्थानंच लावतात. त्यात बावन्न. बावनकशी सोनं म्हणजे अस्सल सोनं, हे मी शाळेपासून ऐकत आलेलो. दोन्ही शब्द एका दमात आल्यावर माझ्यासारख्या माणसानं दुसरं काय समजायचं? मी अण्णांना चहा पाजला आणि त्याच दुपारी ‘घरचा स्टुडिओ’ नावाच्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, ‘शाहूपुरीतल्या एका बुजुर्ग जाणकारांच्या मते माझा आवाज बावनकशी आहे.’ त्यावर बरेच अंगठे आले. एकानं हार घातलेला हत्तीही पाठवला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. सुनंदा शिरोळची, पण तिची मावशी चांदीच्या हुपरीला दिलेली. ती गवार निवडत होती. तिचे हात थांबले.

“अण्णा नक्की काय म्हणाले?”

“बावन्न टंच.”

“अहो, टंच म्हणजे चांदीचा कस. शंभर भागांत चांदी किती, ते.”

“मग बावन्न भाग चांदी. वाईट काय?”

“उरलेलं काय असतं माहितीय?”

“काय?”

“तांबं,” सुनंदा म्हणाली आणि परत गवार मोडायला लागली. “असली पैंजणं आमच्याकडं कुणी बारशाला पण देत नाही.”

गटावरचा मजकूर मी तीन-चार दिवसांनी धीर करून पुसायला गेलो, तर मुदत संपलेली. तो अजून तिथंच आहे. हत्तीसकट.

अण्णा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मूळचे हुपरीचे. तिथं घरोघर चांदीची पैंजणं होतात, तशी त्यांच्याही घरी व्हायची. पण अण्णांचं काम वेगळं होतं. ते जोड लावायचे. पैंजणं घडवून, घुंगरं बसवून तयार झाली की एकाच नमुन्याचे शंभर-दीडशे नग ढिगानं पडलेले असतात. त्यातले कुठले दोन एका बाईच्या दोन पायांत जायचे, हे अण्णा ठरवायचे. आणि ते कानानं ठरवायचे. एक पैंजण डाव्या हातात, एक उजव्या. आधी हे हलवायचं, मग ते. जुळलं तर लाल दोऱ्यानं बांधून बाजूला. नाही जुळलं तर एक परत ढिगात.

“सगळी सारखीच तर वाजतात, अण्णा,” मी एकदा म्हणालो.

“तुमास्नी सारकीच वाजनार. तुमी गाता न्हवं.”

“तसं नव्हे. तुम्ही नक्की ऐकता काय, ते तरी सांगा की.”

“डावं बोललं की उजव्यानं व्हय म्हणाया पायजे. काय काय जोडीत उजवं न्हाय म्हणतंय. मग त्या पोरीनं चालायचं कसं? घरभर भांडान घिऊन?”

मूर्तीनं लहान. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि डाळिंबाच्या दाण्यासारखे बारीक डोळे. कुठलीही वस्तू हातात आली की पहिल्यांदा ती उजव्या कानाशी नेऊन हलवायची, ही त्यांची खोड. काडेपेटी, औषधाची बाटली, कुरिअरनं आलेलं पाकीट, काहीही. चहाच्या टपरीवर कप हातात घेतला की नखानं टिचकी मारायचे आणि “टिचलाय” म्हणून परत द्यायचे. टपरीवाला शपथा घ्यायचा, कप उजेडात धरायचा, आणि चीर दिसली की अण्णांना मनातल्या मनात शिव्या घालून दुसरा कप काढायचा. मंडईत नारळवाली त्यांना लांबून बघूनच ओरडायची, “अण्णा, तुमी नगा हात लावू, मी देतो निवडून!”

आणि मग टंच. अण्णांनी शंभर भागांत मोजलेलं नाही असं शाहूपुरीत काही शिल्लक नव्हतं. चौकात पुढाऱ्याचं भाषण चाललं असताना ते पाच मिनिटं उभे राहायचे आणि “तीस. वरनं मुलामा” म्हणून चालायला लागायचे. दातांचा डॉक्टर चाळीस. इमारतीचा अध्यक्ष, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर, “त्यात चांदी घालायचीच इसरल्यात.” स्वतःच्या जावयाला त्यांनी अडुसष्ट दिले होते, तर मुलगी महिनाभर बोलत नव्हती.

बायको गेल्यावर मुलानं, सन्मतीनं, त्यांना कोल्हापूरला आणलं. सन्मतीचं शाहूपुरीत चांदीचं दुकान. आधी आधी लोक दुकानात येऊन अण्णांच्या हातात दागिना द्यायचे आणि अण्णा तो वाजवून कस सांगायचे. मग सन्मतीनं यंत्र घेतलं. दागिना आत ठेवला की पडद्यावर आकडा. अण्णांचं ते काम गेलं. जोड लावायचं यंत्र मात्र कुणी काढलेलं नव्हतं, म्हणून ते काम राहिलं. दर मंगळवारी हुपरीच्या एसटीनं एक कापडी थैली यायची. अण्णा पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसायचे. आठवड्याचे सहा दिवस ते आमचा कस काढायचे. मंगळवारी कुणाशी बोलायचे नाहीत.

“अण्णा, आता बास की,” सन्मती म्हणायचा. “गिऱ्हाईक कुठं कान लावून बघतंय? दिसायला सारखी असली की झालं.”

“गिऱ्हाईक बगत न्हाय म्हणूनच आपुन बगायचं.”

ती थैली बंद झाली तर या माणसाच्या आठवड्यात काहीच उरणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सन्मतीलाही दिसत होतं. म्हणून तो कुरकुरत का होईना, थैली आणून ठेवायचा.

आता माझ्याकडं वळू. फार वेळ लागणार नाही.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करतो. पेटी वाजवतो आणि गातो. गाणी माझी मीच लिहितो, चालही मीच लावतो, कारण दुसरं कुणी तयार झालेलं नाही. माझ्या गाण्यांत मन, क्षण आणि सण ही तीन यमकं आळीपाळीनं येतात. अशी गाणी फोनवर मुद्रित करून मी नातेवाइकांना पाठवायचो आणि नातेवाईक हात जोडलेलं चित्र पाठवायचे. त्या हात जोडण्याचा अर्थ मला अलीकडं कळायला लागलाय.

बावन्नचा उलगडा झाल्यावर मी शांतपणे विचार केला आणि दोष फोनचा आहे, असा निष्कर्ष काढला. घरचा स्टुडिओ या गटाचंही मत तेच पडलं. गटाचं मत कायम तेच असतं. शे-दीडशे माणसांचा गट. त्यात गाणं एकाचंही नाही. सगळे माइकबद्दल बोलतात. जो तो आत्ताच्या माइकबद्दल दुःखी आणि पुढच्या माइकबद्दल आशावादी. मी त्यांच्या सल्ल्यानं थेट लॅपटॉपला लागणारा माइक मागवला, पंधरा दिवस गळा गरम पाण्यानं शेकला आणि अण्णांना वर बोलावून गाणं ऐकवलं.

“पन्नास,” अण्णा म्हणाले.

“अहो, कमी कसं होईल? हा माइक चांगलाय!”

“चांगलाच हाय की. तांबं बी चकाकाय लागलं.”

मग गटानं सांगितलं, माइक नव्हे, खोली वाईट आहे. आवाज भिंतींवरून उलटून येतो. मी भिंतींना लावायला काळ्या स्पंजचे उंचवट्यांचे चौकोन आणले आणि रविवारभर चिकटवत बसलो. अण्णा आले आणि उंबऱ्यावरच थांबले.

“या की आत.”

“मी येत न्हाय. भितीला अंड्याची खोकी लावल्यात तुमी.”

“अण्णा, तो स्पंज आहे.”

“जैन मानूस हाय मी, पावणं. चेष्टा करू नगा.”

शेवटी सुनंदानं देवाची शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी काठीच्या टोकानं तो स्पंज दाबून बघितला. “मग ह्येची गादी करा की,” ते म्हणाले. “तुमी झोपला तर शेजाऱ्यांचं बी कल्यान हुईल.” त्या दिवशी एक्कावन्न मिळाले. मला वाटतं, एक गुण सुनंदाच्या शपथेचा होता.

अण्णांची आणखी एक पीडा म्हणजे त्यांचं जेवण. सूर्य मावळायच्या आत ते जेवायचे आणि त्यात कधी खंड नाही. माझं ऑफिस सुटून मी घरी येईपर्यंत ऊन उतरलेलं असायचं. मी डोळे मिटून अंतऱ्याला पोचावं, आणि डोळे उघडावेत तर समोरची खुर्ची रिकामी. जिन्यातून आवाज यायचा, “दिवस बुडाय लागला, पावणं!” माझ्या एका गाण्याच्या मुद्रणात हे वाक्य स्वच्छ ऐकू येतं. त्या गाण्यातलं स्वच्छ ऐकू येणारं तेवढं एकच वाक्य आहे, असं सुनंदा म्हणते.

पण अण्णांचा कान नुसता बोलण्यापुरता नव्हता. एकदा माझ्या मुद्रणात एक चमत्कारिक बारीक आवाज यायला लागला. मधूनच यायचा, मधूनच जायचा. गटावर विचारलं. कुणी म्हणालं वायर बदला, मी वायर बदलली. कुणी म्हणालं घराचं अर्थिंग तपासा, मी वायरमन बोलावला. एकानं मला नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं आणि मी दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊनही आलो. सुनंदा म्हणाली, “आधी अण्णांना तरी विचारा.”

अण्णांनी एकदा ऐकलं. “ह्यात कोन तर रडतंय,” ते म्हणाले. “आता तुमी गावा.”

मी गायला लागलो. अण्णा घरभर फिरले. बाल्कनीत गेले, न्हाणीत गेले, मग स्वयंपाकघरात जाऊन थांबले आणि ओरडले, “त्योच सूर परत! वरचा!” मी परत वर चढलो. अण्णांनी भांड्यांच्या मांडणीतल्या एका पितळी ताटलीवर तर्जनी टेकवली. आवाज बंद. बोट उचललं, आवाज चालू.

“तुमी वर गेला की ही रडती,” अण्णा म्हणाले. मग सुनंदाकडं वळून, “पोरी, हिला जपून ठेव. घरात हिलाच गान्यातलं कळतंय.”

तीन महिने शे-दीडशे तज्ज्ञांना न सापडलेली गोष्ट या माणसानं एका बोटानं दाबली. त्या दिवसापासून मला दुसऱ्या कुणाची दाद नको झाली. गटाचे अंगठे नकोत, नातेवाइकांचे हात नकोत. अण्णांकडून नव्वद घ्यायचे. वय वर्षं त्रेपन्न, आणि डोक्यात खूळ हे.

गेल्या वर्षी मी पुण्याला जाऊन खरा माइक आणला. गायकांच्या फोटोत असतो तसला, जाडजूड. त्याचा आवाज संगणकात नेणारा वेगळा डबा आणला, स्टँड आणला, तोंडासमोर धरायची जाळी आणली, कान झाकून टाकणारे हेडफोन आणले. सुनंदा सगळं बघून एवढंच म्हणाली, “गळा कधी आणताय?”

एका शनिवारी दुपारी सगळी जोडणी केली, पंखा लावला, घाम पुसला आणि एक गाणं आरंभापासून शेवटपर्यंत न चुकता मुद्रित केलं. तेवढ्यात अण्णा आलेच. त्यांची टोपी काढून त्यांना हेडफोन चढवले. गाणं सुरू झालं. अण्णा डोळे मिटून बसले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. कधी नव्हे ती त्यांची मान हलत होती. गाणं संपलं, तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत. मग हळूच काढले, टोपी घातली.

“ब्यान्नव.”

“काय?”

“ब्यान्नव टंच.”

मी सुनंदाला हाक मारली. तिच्यासमोर पुन्हा वदवून घेतलं. ते गेल्यावर मी बर्फी आणली, इमारतीत वाटली, अध्यक्षांनाही दिली. गटावर लिहायला बसलो. या वेळी टंचचा अर्थ कंसात देणार होतो. सोबत गाणंही जोडावं म्हणून एकदा स्वतः ऐकलं.

गाण्यात पंखा होता. निम्म्याहून जास्त पंखाच होता. पंख्याच्या मागं, विहिरीत पडलेला माणूस ओरडावा तसा मी होतो. हा पुण्याचा माइक? उलटसुलट तपासलं, तेव्हा उमगलं. संगणकाला आवाज कुठून घ्यायचा ते मी सांगितलंच नव्हतं. पुण्याचा माइक शोभेला उभा होता आणि अख्खं गाणं लॅपटॉपच्या कडेला असतं त्या टाचणीएवढ्या भोकातून मुद्रित झालं होतं. आजवरचं माझं सगळ्यांत भिकार मुद्रण.

त्याला ब्याण्णव?

पहिल्यांदा वाटलं, म्हाताऱ्यानं चेष्टा केली. पण अण्णा चेष्टेतसुद्धा जास्त गुण द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पार्किंगमध्ये पाठमोरे बसले होते. मी सुनंदाची पैंजणं खिशातून नेली आणि त्यांच्या मागं हातभर अंतरावर उभा राहून खळखळ हलवली. अण्णा वळले नाहीत. आणखी जवळ नेऊन हलवली. नाही.

खोटं कशाला सांगू, पहिल्या झटक्याला मला आनंद झाला. चार वर्षं ज्यानं मला तांब्यात मोजलं, त्याची परीक्षा मी घेत होतो आणि तो नापास होत होता. तेवढ्यात माझी सावली पुढं पडली असावी. अण्णांनी वळून पैंजणं बघितली.

“काय पावणं? नाचायचा इचार हाय व्हय?”

आता मंगळवारी मी ऑफिसला उशिरा निघून खिडकीतून बघायला लागलो. अण्णा पूर्वीसारखेच पैंजणं हलवत होते, पण नजर घुंगरांवर होती. आणि एक गोष्ट बदलली होती. न जुळलेलं पैंजण परत ढिगात पडत नव्हतं. पहिलं उचलायचे, दुसरं उचलायचे, हलवायचे, बांधायचे. तासाभरात थैली संपत होती.

पुढच्याच आठवड्यात शिरोळहून माझ्या मेव्हणीचा फोन. लेकीसाठी तिनं सन्मतीच्या दुकानातून पैंजणं नेली होती. “एक छुम्म म्हणतंय आणि एक खळ्ळ,” मेव्हणी म्हणाली. “उद्या येऊन त्या सन्मतीलाच ऐकवते.”

“तू नको येऊस,” मी म्हणालो. “मी बघतो.”

इथून पुढचा शहाणपणा सगळा माझा. पैंजणं दुकानात गेली की सन्मतीला कळणार, आणि त्याला कळलं की थैली बंद. मी विचार केला, माझ्याकडं पुण्याचा माइक आहे. पैंजणाचा आवाज त्यात घ्यायचा, पडद्यावर त्याच्या लाटा दिसतात त्या बघायच्या आणि सारख्या उंचीच्या लाटांची जोड लावायची. आधी मेव्हणीचं काम तसंच उरकलं. अण्णांची नजर चुकवून थैलीतलं दुसरं पैंजण घेतलं आणि तिला बदलून दिलं. मग अण्णांकडं गेलो.

“अण्णा, नव्या माइकची परीक्षा घ्यायचीय. मंगळवारी थैली घेऊन वर याल का? बघू या, तुमच्यासारखी जोड त्याला लावता येते का.”

अण्णांनी हातातली काडेपेटी कानाशी नेऊन हलवली.

“यंत्राची परीक्षा?”

“हो.”

“घ्या की,” ते म्हणाले. मग काडेपेटी खाली ठेवत, “मी दोरा बांदत न्हाय. तुमचं बगून झालं की मग बांदू.”

आम्ही दोघंही एवढंच बोललो. मी ऑफिसात मंगळवारची अर्धी रजा टाकायला लागलो. अण्णा माइकसमोर एकेक पैंजण हलवायचे, मी पडद्यावर बघून म्हणायचो, “हे आणि मघाचं.” अण्णा दोन्ही कानाशी नेऊन हलवायचे आणि म्हणायचे, “बरूबर हाय. तुमच्या डब्याला आक्कल हाय, मालकाची न्हवं.” मधूनच एखादी जोडी “चुकलंय” म्हणून परत टाकायचे. मी ती निमूटपणे बदलायचो. सुनंदा चहा आणून द्यायची. चार मंगळवार असे गेले. मला कुणी विचारलं, तुझ्या त्या सगळ्या सामानाचं सार्थक कधी झालं, तर मी तेच चार मंगळवार सांगितले असते.

चौथ्या मंगळवारनंतर मी हुरूप येऊन आमची ही पद्धत गटावर मांडली, नावं न घेता. एकानं लगेच उत्तर दिलं. ‘साहेब, लाटेची उंची म्हणजे फक्त आवाज किती मोठा ते. त्यावरून सूर कळत नाही. जोरात हलवलं की उंच, हळू हलवलं की ठेंगणी.’

मी तीनदा वाचलं. म्हणजे चार आठवडे मी पैंजणांची नव्हे, अण्णांच्या मनगटाची जोड लावत होतो. गटानं आयुष्यात एकदा खरी माहिती दिली, ती या वेळी. आणि चार थैल्या दुकानातून गिऱ्हाइकांच्या पायांत जाऊन पोचल्या होत्या.

आठवडाभरात सन्मती दुकानातून पिशवी घेऊन आला. ऊन कलायच्या सुमाराला, इमारतीतली दहा माणसं खाली गप्पा मारत असताना. अण्णा सतरंजीवर होते, मी शेजारी. सन्मतीनं पिशवी सतरंजीवर उलटी केली. एका लग्नघरानं सगळ्या सुनांना, लेकींना पैंजणं नेली होती, ती सगळी परत आलेली.

“अण्णा, ही तुमी जोड लावलीय?” सन्मती म्हणाला. “वरातीत हसत होते लोक. भांड्याचं दुकान चाललंय म्हणून.”

मी तोंड उघडलं. जोड मी लावली म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न होता, अण्णांनी तुम्हाला का लावू दिली? गप्प राहिलो, तर अण्णांचं आयुष्यभराचं नाव गेलं. मी तोंड उघडं ठेवूनच बसलो. महागाच्या माइकपुढं गाणं कधी जमलं नाही, इतकं बिनचूक गप्प बसणं मला तिथं जमलं.

सन्मतीनं माझ्याकडं बघितलं.

“ह्येला काय बगतोस?” अण्णा म्हणाले. “थैली माज्याकडं येती. मला ऐकू येत न्हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय? बारीक घुंगरू ऐकू येत न्हाय. वरीस झालं. आदी वाटलं सर्दी हाय.”

अध्यक्ष मोठ्यानं खाकरले. अण्णांनी ढिगातलं एक पैंजण उचलून सन्मतीच्या कानाशी धरलं आणि हलवलं. दुसरं उचललं, तेही हलवलं.

“काय म्हणतंय?”

सन्मती ऐकत राहिला. त्याचे डोळे भरले होते, पण अण्णांना त्याच्या डोळ्यांचं काही घेणं नव्हतं.

“मला न्हाय कळत, अण्णा.”

“मग झालं,” अण्णा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. पश्चिमेकडं बघितलं. “जेवान करतो. दिवस हाय तवर.”

थैली बंद झाली. सन्मती माझ्यावर एका शब्दानंही रागावला नाही, हे मला जास्त लागलं. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मला तेव्हाच कळायला हवं होतं, काका. अण्णा तुमच्या खोलीत जाऊन मंगळवार काढतात, म्हणजे ऐकू येत नसणारच.” हा टोला आहे, हे मला घरी आल्यावर कळलं.

महिनाभर अण्णा नुसते बसून राहिले. कप वाजवून बघणं सुटलं. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, हुपरीला पुतण्याकडं जातो. “तितं निदान ठोकाठोकी तरी चालू असती, ती ऐकू येती.” सन्मती गाडीनं सोडणार होता. अण्णा म्हणाले, एसटीनंच जाणार.

स्टँडवर मी त्यांची पिशवी घेऊन गेलो. सन्मती तिकिटाच्या गडबडीत होता. अण्णा खिडकीशी बसले, टोपी सारखी केली. एक प्रश्न कधीचा विचारायचा राहिला होता. मी खिडकीखाली उभा राहून विचारला. त्यांना ऐकू गेला नाही. मी परत विचारला. शेवटी टाचा उंचावून, गजाला धरून, अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढला. त्या फलाटावरच्या सगळ्यांनी तो ऐकला.

“अण्णा! ऐकू येत नव्हतं, तर माझ्या गाण्याला ब्याण्णव कसे दिलेत?”

अण्णांचे ते बारीक डोळे हसले.

“ऐकू येत न्हवतं म्हणूनच की, पावणं,” तेही तेवढ्याच मोठ्यानं ओरडले. “तुमी वर चडला की नुसतं गप वाटत हुतं. लई ग्वाड!”

गाडी हलली. अण्णांनी काच ओढून घेतली. मी हात हलवत उभा राहिलो. शेजारी बोचकी घेऊन उभी असलेली बाई मला आपादमस्तक न्याहाळत होती.

“तुमी गाता व्हय?” तिनं विचारलं.

“न्हाय,” मी म्हणालो.